काळ्या बाटलीत निळं नको

बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या, डिंकाने चिकटवलेल्या:

१. उजेड.
२. अंधार.
३. अंधार, जोडीची.
पाणी समुद्राचं. भरलं रविवारी सकाळी, आंजी (मोठी), फेब्रुवारी १९५८.

चिठ्ठ्यांवर न लिहिलेलं: गुरुवारी वर्ध्याहून ग्रँड ट्रंक एक्सप्रेस मद्रासकडे निघेल तेव्हा कांता तिच्यात बसलेली असेल की नसेल, ते दोन नंबरच्या बाटलीवर ठरणार होतं.

*

हे असं झालं.

प्रेमदास वडनेरचा. मॅट्रिक होऊन तो मद्रासच्या खाली, किनाऱ्यावरच्या एका संशोधन केंद्रात प्रयोगशाळेचा मदतनीस म्हणून लागला. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. त्यातले चौदा महिने तो तिकडे आणि कांता इकडे आंजीला, आपल्या वडिलांच्या घरी. आता केंद्राने त्याला एक खोली दिली होती आणि तो बायकोला न्यायला आला होता. सासरे, भैयाजी, पाठवायला तयार नव्हते.

कारण एक पत्र. प्रेमदासनेच लिहिलेलं, आणि कांतानेच मोठ्याने वाचून दाखवलेलं:

"माझे काम चांगले आहे. समुद्रात जे मरते ते कसे सडते, व सडताना किती हवा खाते, हे आम्ही मोजतो. साहेब मला बाटल्यांना हात लावू देतात."

"पुन्हा वाच," भैयाजी म्हणाले होते.

तिने पुन्हा वाचलं.

"त्याच्यातलं एकच. सडते, थे."

*

सडणं म्हणजे भैयाजींना काय, ते गावाला माहीत होतं.

मेलेलं जनावर ओढून नेण्याचं काम त्यांच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या होतं. विणकामाच्या जोडीला ते चिकटलेलंच असे. छप्पन साली दसऱ्याला ते नागपूरहून दीक्षा घेऊन आले आणि त्यांनी ते सोडलं. पुढच्याच महिन्यात रस्त्यापलीकडच्या गोठ्यात बैल मेला. बोलावणं आलं. भैयाजी मागावरून उठले नाहीत. बैल दोन दिवस तसाच पडून राहिला. वारा या घराकडे होता. रुख्माबाईंनी, म्हणजे कांताच्या आईने, दारं लावून घेतली, तरी जेवण जात नव्हतं. भैयाजी त्या दोन दिवसांत एक अख्खं लुगडं विणून उठले. तिसऱ्या दिवशी बैलाच्या मालकाने स्वतः गाडी जुंपली.

ते लुगडं त्यांनी विकलं नाही. रुख्माबाई म्हणायच्या, त्याला अजून वास येतो. येत नसावा.

*

शनिवारी दुपारी प्रेमदास आला तेव्हा त्याच्या हातात गोणपाटात गुंडाळलेली मोठी काचेची बरणी होती. शेजारचा कवडू ओट्यावर बसला होता. तोही विणकर, पण जिभेचा धोटा जास्त चालणारा.

"काय गा जवाई, गंगाजल आनलं का?"

"समुद्र आहे."

"अख्खा?"

"चार शेर."

"मंग मासोया कुठी आहेत?"

"मासोया नाई. त्याहून बारीक जीव आहेत. हजारांनी. दिसत नाई."

"आमच्याही विहिरीत हत्ती आहेत," कवडू म्हणाला. "दिसत नाई."

आतून माग थांबला. भैयाजी बाहेर आले. त्यांनी बरणीचं बूच काढलं, नाक जवळ नेलं, आणि बूच परत लावलं.

"वास येते," ते म्हणाले.

"दोन दिवस गाडीत होतं, मामाजी. बंद होतं."

"हेच म्हनतो मी. एक सडकं सोडाले किती पिढ्या गेल्या आमच्या, आन तू समुद्राचं सडकं हुंगाले तिकडं गेला. नोकरी तुही आहे, तू कर. माही पोरगी नाई येत."

*

प्रेमदासला म्हणायचं होतं, पण बोलताना त्याच्या तोंडून कधी सरळ निघालं नाही, ते असं:

की समुद्राच्या वरच्या पाण्यात, जिथवर ऊन पोचतं तिथवर, एवढे बारीक हिरवट जीव तरंगतात की सुईच्या टोकावर बसतील, आणि ते आपल्या कपाशीसारखेच, तुरीसारखेच, कर्बवायू पिऊन उन्हावर अंग धरतात, आणि साहेब म्हणतात जगातली सगळी रानं मिळून जेवढा कर्बवायू पितात जवळजवळ तेवढाच हे न दिसणारे पितात, आणि दोन-चार दिवस जगून मरतात किंवा कुणाच्या पोटात जातात, आणि मेलेलं खाली निघतं, पिठासारखं, पाण्यातून खाली, खाली, आणि वाटेत त्याला दुसरे भेटतात, याहून बारीक, गोल किंवा काडीसारखे जंतू, जे त्याला खातात आणि खाताना पाण्यातला प्राणवायू वापरतात आणि तोच कर्बवायू परत सोडतात, कण न्‌ कण, आणि वर सुटला तर तो पुन्हा हिरव्यांना मिळतो आणि खोल सुटला तर त्या काळ्या थंड पाण्यात शेकडो वर्षं राहतो, आणि अगदी चिमूटभर तळाला पोचतं आणि चिखल होतं, आणि हे खाणारे नसते तर सगळं मेलेलं मेलेलंच राहिलं असतं आणि वरच्यांना प्यायला काही उरलं नसतं, आणि हे काम कुणी त्यांना सांगितलेलं नाही, कुणी त्यांच्यावर लादलेलं नाही, त्यांना कुणी गावाबाहेर ठेवलेलं नाही, तेच गाव आहेत, मामाजी.

तो एवढंच म्हणाला:

"सडनं म्हंजे घान नाई, मामाजी. श्वास आहे थो."

"दाखव," भैयाजी म्हणाले.

*

दाखवायची सोय होती. साहेबांना विचारून त्याने औषधांची जुनी पेटी आणली होती, कारण शब्दांवर त्याचा भरवसा नव्हता. पाच बाटल्या, एक तोटीची काचनळी, तेजाबाची, म्हणजे आम्लाची, कुपी. काचेच्या बुचाच्या तीन बाटल्यांत त्याने समुद्र भरला. एक कापडाविना ठेवली. दोन कांताने काळ्या लुगड्याच्या तुकड्यात शिवून टाकल्या, उजेडाला फटसुद्धा नको म्हणून दुहेरी टाक्यांनी. तिन्ही अंगणातल्या पाण्याने भरलेल्या नांदेत उन्हात ठेवल्या. म्हशीला दोन दिवस दुसरीकडे पाणी पाजायचं ठरलं.

"उजेडातल्या बाटलीत हिरवे जीव हवा करतीन," प्रेमदास सांगत होता. "अंधारात त्याइले जेवन नाई. थे मरतीन, बारीक जंतू त्याइले खातीन आन सगळा प्राणवायू संपवतीन. मंगळवारी औषध टाकलं का ज्याच्यात प्राणवायू आहे थे निळं होईन. ज्याच्यात नाई थे पान्यासारखं राहीन. काळ्या बाटलीत निळं येनार नाई."

"आन आलं तं?" भैयाजी.

प्रेमदासने विचार न करता उत्तर दिलं. "तं मी खोटा. एकटाच जातो."

"अन्‌ नाई आलं तं?"

"तं तुमी पाठवजा."

भैयाजींनी मान हलवली. नांदेपलीकडे कांता सुई केसांत खोचत उभी होती.

"मलेही बाटलीत भरलं का दोघाइनं मिळून?" ती म्हणाली. "कोनत्या नंबरच्या?"

 

*

सोमवारी काही झालं नाही. पाणी बाहेरून बघून काही होत नसतं.

फक्त नांदेपाशी कांता आणि प्रेमदासचं एवढं बोलणं:

"थे जीव दिसते कसे? तुमाले तं दिसते ना तिथं."

"कोनी गोल. कोनी काडीवानी. एक आहे, थो काचेची डबी आहे. झाकनासकट. आत पिवळं-हिरवं."

"काच? खरी?"

"खरी. मेला का डबी खाली जाते. समुद्राच्या तळाले मैल मैल नुस्त्या डब्या आहेत."

"आन थो तुमाले आवडते."

"कशावरून?"

"हात पाहा कसा करून राह्यले."

प्रेमदासने हात खाली घेतला. बोटांनी तो झाकण उघडत होता.

"मले दाखवान?" कांता म्हणाली. "चार शेरातले नाई. तिथले."

"म्हनून तं न्याले आलो."

"मंग पैज काऊन लावली?"

*

मंगळवार. अंगणात बारा-तेरा जण जमले होते.

शेवटच्या पायरीला स्टार्च लागते. केंद्रात ती रोज सकाळी ताजी शिजवतात, कारण टिकत नाही, म्हणून पेटीत नव्हती. पण विणकराच्या घरात स्टार्चची काय कमी? ताण्याला पाजायची खळ मागाशेजारी मडक्यात भरलेली असतेच. ज्वारीच्या पिठाची. प्रेमदासने वाटीभर घेतली, धोतराच्या सोग्यातून गाळली. किंचित हिरवट वाटली. कोंड्याची झाक असेल.

बाटली एक. गुलाबीसर औषध, मग दुसरं औषध, बूच, हलवणं. आत तपकिरी गाळ धरला, उसाच्या रसाचा गूळ होताना धरतो तसा. तेजाब टाकताच गाळ विरून पाणी पिवळंधमक. नळीतून हायपो, रंग उतरवणारं औषध, थेंब थेंब, पिवळं फिकं होईपर्यंत; प्राणवायू जास्त तर हायपो जास्त. मग खळ. आणि बाटली एकदम निळी झाली, इतकी निळी, की रुख्माबाईंच्या तोंडून "अवं माय" निघालं. पुन्हा थेंब थेंब. निळं विरलं. हायपो जरा जास्तच गेला, प्रेमदासच्या मनात आलं. ऊन चांगलं होतं, त्याने स्वतःला सांगितलं.

बाटली दोन. कांताने टाके उसवले. औषध. औषध. गाळ पांढरा. दह्यासारखा.

"पाहा," प्रेमदास म्हणाला. आवाज थोडा वर गेला. "पांढरा. प्राणवायू नाई."

तेजाब. पाणी विहिरीच्या पाण्यासारखं स्वच्छ.

"आता खळ टाकतो. काही होनार नाई."

त्याने खळ टाकली.

निळं.

*

कवडू हसला, मग त्यालाच ते बरं वाटलं नाही आणि तो खोकला.

भैयाजी उठले. बाटली हातात घेऊन त्यांनी उन्हात धरली. रागावलेले दिसले नाहीत. लुगड्याचा रंग बघतात तसं त्यांनी ते निळं बघितलं.

"चांगला रंग आहे," ते म्हणाले, आणि बाटली खाली ठेवून मागाकडे गेले.

खटखट सुरू झाली.

*

वहीत, त्या दुपारी, पेन्सिलीने:

"गाळ पांढरा. म्हणजे प्राणवायू नाही.
खळ निळी. म्हणजे प्राणवायू आहे.
दोन्ही खरं असणार नाही.
बूच नीट होते. बुडबुडा नव्हता. औषध तेच."

खाली पुन्हा: "गाळ पांढरा."

खाली पुन्हा: "गाळ पांढरा होता, मी पाहिला." आणि पुढे काही नाही.

*

रुख्माबाईंनी चहा ठेवला होता, तो निवून त्यावर साय धरली. कांता पेटीपाशी येऊन बसली.

"पांढरं झालं थे कशानं?"

"प्राणवायू नव्हता त्यानं."

"मंग निळं कशानं?"

"निळं व्हाले दोन गोष्टी लागते. आयोडीन, थे प्राणवायूनं सुटते. आन खळ."

"खळ मी केली."

"चांगली आहे थे."

"चांगली आहे," कांता म्हणाली. "पंधरा दिवस झाले, तरी आंबली नाई. विचारलं नाई तुमी, काऊन नाई आंबली?"

प्रेमदासने वर बघितलं.

"मोरचूद टाकतो आमी," ती म्हणाली. "मोरपंखी खडा, बोराएवढा, मडक्याले एक. नाई तं तिसऱ्या दिवशी सडते खळ. ताण्याले वास मारते. बाबाइले वास चालत नाई."

 मग त्याने वाटीत पेटीतल्या दुसऱ्या, आयोडीनच्या औषधाचे चार थेंब घेतले, वर तेजाब, वर पाणी. स्वच्छ. "खडा आन," तो म्हणाला, पण कांता आधीच उठली होती.

मोरचूदाचा चुरा वाटीत पडला आणि पाणी जागच्या जागी तपकिरी झालं. प्राणवायू नाही, समुद्र नाही, काही नाही. नुसता मोरचूद. त्यातलं तांबंच आयोडीन सोडवत होतं. बाटली दोनमध्येही त्यानेच सोडवलं होतं, आणि बाटली एकमध्येही, म्हणून हायपो जास्त गेला होता.

प्रेमदासने कपाळावर हात मारला आणि हसायला लागला. कांताही. रुख्माबाई दारातून म्हणाल्या, "हारले तरी हासते, येडे झाले का दोघं?"

"जिथं काही सडूच देत नाई, तिथली खळ घेऊन मी सडनं मोजाले बसलो!"

"तुमी मले विचारलं असतं," कांता म्हणाली, "तं मंगळवारीच सांगतलं असतं."

"आज मंगळवारच आहे."

"सकाळीच, म्हनतो मी."

*

साहेबांचा नियम: एका बाटलीवर विश्वास ठेवायचा नाही. जोडीची भरायची.

तीन नंबर नांदेत होती. शिवलेली.

*

बुधवार. कांताने पहाटे नवी खळ शिजवली. मूठभर ज्वारीचं पीठ, पाणी, बाकी काही नाही. मडकंही दुसरं. काल आलेल्यांपैकी कुणाला बोलावलं नव्हतं. कवडू तरी आला, म्हणाला तंबाखू मागायला आलो.

भैयाजी माग सोडून येईनात. तेव्हा कांता नांदेतून बाटली काढून थेट मागापाशी घेऊन गेली आणि ताण्याच्या सुतांशेजारी खाली बसली. मागून प्रेमदास पेटी घेऊन.

"तुमी नका करू," ती त्याला म्हणाली. "मी करतो. तुमी सांगजा."

तिने टाके दाताने तोडले. औषध. औषध. बूच दाबून तिने बाटली उलटी-सुलटी केली, लोणच्याची बरणी घोळवतात तशी. पांढरा गाळ. मग तेजाब. पाणी स्वच्छ झालं.

"काल हेच झालं होतं," भैयाजी म्हणाले. धोटा हातात होता.

"हो. पुढचं पाहा. आजच्या खळीत मोरचूद नाई."

एक चमचा खळ.

बाटली आहे तशी राहिली. दुधी, थोडी धूसर, खळीच्या पाण्यासारखी. निळं कुठेच नाही. कांताने ती उन्हाच्या कवडशात धरली. चौघांनी बघितलं. कुणाच्याही डोळ्याला काही होताना दिसत नव्हतं, आणि तेच तर दाखवायचं होतं: तीन दिवस त्या अंधारात न दिसणाऱ्यांनी बसून आतला सगळा श्वास खर्च केला होता, शेवटच्या कणापर्यंत, मेलेलं मोकळं करून टाकायला.

प्रेमदासने हे कितीदा तरी पाहिलं होतं. तरी त्याने वही काढून लिहिलं: निळं नाही.

"म्हंजे माहा मोरचूदच खोटं बोलला," भैयाजी म्हणाले.

"मोरचूद आपलं काम करून राह्यला होता, बाबा. तुमी त्याले सडू नको देऊ म्हनता, थो नाई देत. हे त्याचं काम नोहोतं."

भैयाजींनी धोटा ठेवला.

"तरी हे सडनंच झालं, कांता."

"सडनंच." तिने बाटली खाली ठेवली. "पन हे कोनी कोनाकडून ओढवून घेत नाई, बाबा. त्याइचं जेवन आहे थे. त्या बैलाचं तसं नोहोतं. बैल त्याइचा, वास आपल्याले. तुमी उठले नाई थे बरं केलं. मी तुमची पोरगी आहे, मीही नाई उठलो असतो." तिने तोडलेला दोरा बोटाला गुंडाळला. "आन एक सांगतो. ही बाटली आज निळी झाली असती ना, तरी मी गुरुवारी गेलो असतो. पैज तुमची दोघाइची होती. मले काचेची डबी पाहाची आहे."

कवडू हळूच म्हणाला, "तंबाखू नंतर घेतो," आणि निघून गेला.

माग बराच वेळ थांबलेला होता. भैयाजींनी तीन नंबरची बाटली उचलली. कालच्यासारखी. उन्हात धरली. मग जवळ आणून नाकाशी नेली, प्रेमदास "तेजाब आहे, मामाजी" म्हणेपर्यंत.

"वास नाई," ते म्हणाले.

*

गुरुवारी बैलगाडीत सामान भरलं. एक पेटी, एक वळकटी, रिकामी बरणी, आणि रुख्माबाईंनी बांधून दिलेली गाठोडी. वर्ध्याच्या स्टेशनवर इंजिनाच्या धुराकडे बघत प्रेमदास सांगायला लागला, की हा कोळसा चांद्याकडच्या खाणीतला, म्हणजे कधीच्या काळचं न सडलेलं रान, आणि आता तोच कर्बवायू—

"गाडी आली," भैयाजी म्हणाले. आणि मग, डब्याच्या दाराशी, गाठोड्यांवर हात ठेवून: "तिकडं जवारी भेटते का?"

"तांदूळ भेटते, मामाजी."

"तांदळाची खळ बेस नाई." त्यांनी एक गाठोडं सोडलं. आत ज्वारीच्या पिठाची पिशवी होती, पायलीभर. तिच्यावर चिंधीत बांधलेली पुडी, रुख्माबाईंनी सवयीने ठेवलेली. भैयाजींनी पुडी उघडून बघितली, मोरपंखी खडे, आणि ती आपल्या खिशात टाकली. गाठोडं पुन्हा बांधलं.

"रोज ताजी करजो," ते कांताला म्हणाले.

"रोज करा लागन."

"करजो मंग."